काळ्या चौकटीतल्या वच्छलाबाई

कॅमेरा घेतला ही माझी मोठी चूक झाली, असं मी दर लग्नसराईत म्हणते आणि दर लग्नसराईत आदल्या दिवशी बॅटऱ्या चार्ज करून ठेवते.

"समता, येजो मंग लग्नाले. अन् हो, कॅमेरा आणजो बाप्पा!" आमंत्रणातलं हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा जास्त जीव लावून म्हटलेलं असतं. पैसे देऊन बोलावलेला फोटोवाला तिथं असतोच. तो मला पाहून तोंड वाकडं करतो, कारण मी त्याच्या मधात येते. नातेवाईक तोंड वाकडं करतात, कारण त्यांच्या पोरीचे फोटो मी कमी काढले. दोन्हीकडून शिव्या खाऊन होईपर्यंत पंगत उठते आणि माझ्या वाट्याला गार भात अन् वरणाचं वरचं पाणी येतं. मागे एका नामकरणात बाळाच्या आत्यानं मला चारचौघात हाक मारली, "ओ फोटोवाल्या बाई!" माझी सख्खी मामेबहीण! मी म्हटलं, "फोटोवाल्या बाईचं नाव समता आहे, आणि तुझ्या लग्नात तुझं नाक पुसायला रुमाल घेऊन कोण उभी होती ते आठव जरा." तेव्हापासून बरी वागते.

चिखलीत विजेच्या ऑफिसात मी तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोक बिल नाचवत माझ्यावर ओरडतात आणि मीही काही कमी ओरडत नाही. म्हणून रविवार उजाडला की कॅमेरा गळ्यात घालून निघते. बैलांना, बगळ्यांना अन् ज्वारीला बिल येत नाही, ती मला काही विचारत नाहीत. आमचे धम्मरत्न म्हणतात, "जाय बाप्पा, तू गेली की घर कसं शांत राह्यते." वर डबाही भरून देतात. नवरा म्हणून माणूस वाईट नाही.

आमचा एक ग्रुप आहे, छायामित्र नावाचा. आठ माणसं, त्यात बाई मी एकटी. ग्रुपचे पुढारी ज्ञानेश्वरभाऊ. बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, नळाच्या तोट्या. माणूस सज्जन, पण फोटोच्या बाबतीत अगदी मठाधिपती. रस्त्यात एक गाय दिसली की आठ कॅमेरे तिच्यावर, आणि भाऊ मागून सांगणार, "खाली बसा, खाली बसा, तिच्या डोळ्याच्या रेषेत या." गाय बिचारी चारा सोडून पळते.

भाऊंचा एक नियम होता. प्रत्येक आठवड्याला ते ग्रुपमधला एक फोटो निवडत. त्यातला रंग काढून तो काळा-पांढरा करत, भोवती जाड काळी चौकट टाकत आणि खाली बारीक अक्षरांत लिहीत: नाव, गाव, तारीख. मग तो सगळ्यांनी आपापल्या व्हाट्सॲपच्या स्टेटसला ठेवायचा. गाय असली तरी तेच, देऊळ असलं तरी तेच. एकदा मी भांडले. "भाऊ, रंग काऊन काढता? सगळी मेहनत रंगाची असते."

"समताताई," ते डोळे मिटून म्हणाले, "रंगात माणूस हरवते. काळ्या-पांढऱ्यात आत्मा दिसते."

मी म्हटलं, "मले आत्मा नाही पायजे, मले माणूस दिसला तरी पुरे." पण ऐकतो कोण!

जानेवारीत आम्ही अमडापूरला गेलो होतो. सकाळचं छान कोवळं ऊन होतं. गावात शिरतो न शिरतो तोच एक बैलगाडी दिसली आणि आमचे सातही वीर धूळ उडवत तिच्यामागे धावले. गाडीवान घाबरून बैल पिटाळायला लागला. मला अस्सा राग आला! मी म्हटलं जा तुम्ही, आणि एका घराच्या ओट्यावर बसून राहिले. अंगणात लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. मागं निळीनं रंगवलेली भिंत. आणि मिरच्यांची देठं मोडत एक म्हातारी बसली होती, सुरकुतलेली पण ताठ. ह्या वच्छलाबाई.

"काय वं बाई," त्यांनी विचारलं, "हे लोक कोण हाय? जमीन मोजाले आले का?"

"नाही आजी, फोटो काढणारे आहोत आम्ही."

"कोणाचं लग्न हाय?"

"लग्न नाही. असेच काढतो."

"असेच?" त्यांनी देठ मोडायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "कामधंदे नाहीत काय तुमाले?"

मला हसू फुटलं. मग त्यांनी सुनेला हाक मारली. सून म्हणजे पुष्पांजली, हसऱ्या तोंडाची. तिनं चहा आणला. चहा पिता पिता मी विचारलं, "आजी, तुमचा एक काढू का?"

"मले नोको घेऊ फोटोत," त्या लगेच म्हणाल्या. नुसतं लाजून म्हणतात तसं नव्हतं ते. आवाज एकदम कोरडा झाला होता.

"काऊन?"

पुष्पांजलीनं मला डोळ्यानं खुणावलं, विचारू नका म्हणून. पण म्हातारीच बोलायला लागली. तिला कोणाला तरी सांगायचंच होतं असं मला वाटतं, आणि घरच्यांनी ते शंभरदा ऐकलेलं असणार.

डोणगावला त्यांचा धाकटा भाऊ आहे, उकंडराव. आई लवकर गेली, म्हणून हा वाढला तो वच्छलाबाईंच्या कडेवरच, सगळ्या दुखण्याखुपण्यांसकट. लग्न होऊन अमडापूरला आल्या तेव्हा तो गाडीमागे धावत आला होता, चप्पल नसताना. पुढं वच्छलाबाईंचे मालक वारले. त्यानंतर भावाच्या मुलाचं लग्न निघालं. आत्या म्हणून ह्या चार दिवस आधी गेल्या, चुलीपुढं राबल्या. अक्षता पडल्यावर सगळं घर स्टेजवर फोटोला उभं राहिलं. वच्छलाबाई भावाच्या शेजारी उभ्या राहिल्या. तर मुलीकडची कोणी बाई म्हणाली, पांढरं कपाळ मधात नको. आणि फोटोवाला हात हलवून म्हणाला, "आजी, जरा बाजूले व्हा."

"मी उकंड्याकडे पाह्यलं," वच्छलाबाई म्हणाल्या. "म्हणलं, आता हा बोलीन काही. तो कॅमेऱ्याकडे पाहून राह्यला होता. मान ताठ, टोपी नीट. मी उतरली खाली. पिशवी घेतली अन् एसटीत बसली."

"मग? ते आले नाहीत न्यायला?"

"नाही आला. मीही नाही गेली. त्याले वाटलं असीन की ही येईन, मले वाटलं की तो येईन. राख्या गेल्या, दिवाळ्या गेल्या." त्या मिरच्यांवरून हात झटकून म्हणाल्या, "मले दुसरं काही नोको वं बाई. मराच्या आधी एक डाव तो ह्या दारात आला पायजे. बस." आणि बोलता बोलता त्यांची नजर रस्त्याकडे गेली, जिथून एसटी येते तिकडे.

मी त्याच क्षणी बटण दाबलं. राहवलंच नाही मला. त्या रागावल्या नाहीत. "घेतलाच शेवटी," एवढंच म्हणाल्या. तो मी आजवर काढलेला सगळ्यात चांगला फोटो होता. लाल मिरच्या, निळी भिंत, आणि मधात ते वाट पाहणारं तोंड. फोटो पाठवीन म्हणून मी पुष्पांजलीचा नंबर घेतला, माझा दिला.

रात्री ग्रुपवर टाकला. ज्ञानेश्वरभाऊंचा फोन आला. "ताई, ह्या आठवड्याचं चित्र तुमचंच! फक्त थोडं कापतो. मिरच्या नोको. नुसता चेहरा ठेवतो."

"भाऊ, मिरच्या कापाल तर याद राखा!"

"आत्मा, ताई, आत्मा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला इतका संताप आला की मी ठरवलं, ह्या आठवड्यात ग्रुपच उघडायचा नाही. आणि उघडला नाही. बुधवारी त्यांनी फोटो टाकला तो मी पाहिलासुद्धा नाही.

गुरुवारी सकाळी माझ्या खिडकीसमोर मोठी रांग होती. सगळ्यात पुढचा माणूस त्याच्या बंद मीटरबद्दल तावातावानं बोलत होता, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, मी पुष्पांजली बोलून राह्यली, अमडापूरची." मागे नुसता गलका होता. "ताई, आमच्या सासूबाई मेल्या म्हणून लोक येऊन राह्यले हो!"

"अगं बाई! कधी गेल्या?"

"गेल्या नाही हो! हे काय, समोर बसून चहा पिऊन राह्यल्या. पण लोक तं येऊनच राह्यले! जानेफळच्या चुलत नणंदबाई रडत रडतच जीपमधून उतरल्या. मोबाइलमधी फोटो आला म्हणतात. काळ्या पट्टीचा."

मी रांगेसमोरच ग्रुप उघडला. अव माय माय माय! भाऊंनी मिरच्या कापल्या होत्या, भिंत कापली होती. राहिला होता फक्त म्हातारीचा चेहरा, काळा-पांढरा, दूर कुठंतरी पाहणारा. भोवती जाड काळी चौकट. खाली: वच्छलाबाई, अमडापूर, आणि तारीख. आणि खाली आमच्या सहा दिवट्या सभासदांनी ओळीनं हात जोडले होते. एकानं लिहिलं होतं, "नमन." ते त्यांनी फोटोला केलं होतं म्हणे! आमच्या भागात असा फोटो स्टेटसला दिसला की माणूस दुसरं काही वाचत नाही, चपला घालतो आणि निघतो. अमडापूरच्या कोणीतरी तो उचलून पाव्हण्यारावळ्यांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो पाच गावांत गेला. आठवड्यामागून आठवडे गायी आणि देवळं होती म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच.

अर्धी रजा टाकली. बंद मीटरवाल्याला म्हटलं, "भाऊ, तुमचं मीटर उद्या पाहते, आज एक माणूस जित्तं करायचं आहे." तो पाहतच राहिला. तडक ज्ञानेश्वरभाऊंच्या दुकानात गेले. ते गिऱ्हाइकाला बिजागऱ्या मोजून देत होते. मी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. "घ्या तुमचा आत्मा. लोक रडत येऊन राहिले अमडापूरला."

भाऊंनी बिजागऱ्या तशाच टाकल्या. शटर खाली ओढलं आणि मोटरसायकल काढली. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत, मी मात्र अमडापूर येईपर्यंत थांबले नाही.

अंगणात जत्रा भरली होती. बायका ओट्याच्या कडेनं बसलेल्या, पुरुष झाडाखाली. जानेफळच्या नणंदबाईंनी फडक्यात बांधून भाकरी आणल्या होत्या, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. आता त्या भाकरीचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं. वच्छलाबाईंचा मुलगा रंगराव प्रत्येक नव्या पाहुण्याला हात जोडून सांगत होता, "नाही हो, काही झालं नाही, बसा, चहा घ्या." आणि मधोमध, पाटावर, वच्छलाबाई. अंगावर धुतलेलं लुगडं. कोण आलं, कोण किती रडलं, सगळं पाहत बसलेल्या.

ज्ञानेश्वरभाऊंनी चपला काढल्या आणि मान खाली घालून उभे राहिले. "आजी, मी तो फोटो..."

"तूच काय बे मले मारलं?"

"चुकलो आजी. माफ करा. आता काढून टाकतो, सगळ्याईले सांगतो." त्यांनी मोबाइल काढला.

"थांब!" म्हातारीनं हात वर केला. "काढू नोको."

"डोणगावले गेला असीन ना हा फोटो?" त्यांनी रंगरावला विचारलं.

"गेला असीन. मामाच्या नातवाजवळ हाय मोबाइल. म्हणूनच तं म्हणतो, मामाले फोन लावू दे माय. बुढा माणूस हाय. जीवाले लावून घेईन."

"नोको लावू." त्या रस्त्याकडे तोंड करून बसल्या. "मी जित्ती असताना आला नाही. मेल्यावर येते का, ते मले पाहू दे. मेल्यावर कोणाले पाहाले भेटते? मले भेटून राह्यलं."

भाऊंनी मोबाइल खिशात ठेवला. मी त्यांना इतकं बोलले होते, पण आता मलाच वाटायला लागलं, राहू दे तो फोटो, येऊ दे त्या उकंडरावला. आणि लगेच मनात भीतीही आली. असं कोणाची परीक्षा घेणं बरं नाही. नाही आला तर ह्या म्हातारीनं पुढचे दिवस काढायचे कसे? आजवर निदान असं तरी म्हणता येत होतं की त्याला वेळ नसेल.

रंगराव हळूच घरामागं गेला, मी त्याच्यामागं गेले. त्यानं डोणगावला फोन लावलाच. पलीकडून मामेभावाची बायको बोलली. मामांनी सकाळी नातवाच्या मोबाइलमधला फोटो पाहिला, टोपी घातली आणि कोणाला न सांगता घराबाहेर पडले. फोन घरीच. कोणाला वाटलं शेतात गेले असतील.

"सकाळी निघाले तं आतापर्यंत याले पायजे होते," रंगराव म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "मायले सांगू नोका ताई."

मी सांगितलं नाही. अंगणात येऊन बसले आणि चिखलीकडून येणारी प्रत्येक गाडी पाहत राहिले. पहिली एसटी आली, दोन पोरं उतरली. नंतर एक काळीपिवळी आली. त्यात नणंदबाईंच्या सासरची माणसं होती. ती उतरल्याबरोबर रडली आणि मग ओशाळून चहा प्यायली. दुपार कलली. पाहुणे एकेक करून उठायला लागले. जाताना म्हणत, "बरं झालं बाप्पा, आयुष्य वाढलं तुमचं." वच्छलाबाई मान हलवत. सकाळी जो तोंडावर तजेला होता तो उतरत गेला.

मी ज्ञानेश्वरभाऊंना दातओठ खाऊन म्हटलं, "बुढा माणूस रस्त्यात कुठं पडला असला तर?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मला वाईट वाटलं आणि मी त्यांना पाण्याचा गडवा आणून दिला.

शेवटची मोठी एसटी येऊन गेली. कोणीच उतरलं नाही.

"ज्याईचं नाव मले ठाऊक नाही ते आले," वच्छलाबाई कोणाकडेच न पाहता म्हणाल्या. "रडले बिचारे. एकच नाही आला." मग त्यांनी भाऊंना हाक मारली. "काढ बापा तो फोटो. झालं माहं पाहून."

भाऊंनी तो काढला. पुष्पांजली डोळ्याला पदर लावून आत गेली. मीही उठले. म्हटलं, आता ह्यांना एकटं सोडावं.

तेव्हा गल्लीच्या वळणावरून एक म्हातारा येताना दिसला. धोतर धुळीनं भरलेलं, टोपी हातात, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी घट्ट धरलेलं. त्यानं वर पाहिलंच नाही. लोक बसलेले दिसले तसा तो सरळ अंगणात आला, भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "कुठी ठेवलं तिले?"

रंगराव धडपडत उठला.

"तोंड पाहू द्या मले," तो म्हणाला. "उशीर झाला मले ठाऊक हाय. मेहकरात दुकान उघडत नव्हतं. अन् मंग गाडी बंद पडली तं पायी निंघालो मधातून. नेलं काय तिले? तोंड तरी पाहू द्या बापा."

"अठी हाय मी," वच्छलाबाई म्हणाल्या.

उकंडरावांनी मान वर केली. मी आयुष्यात पुष्कळ तोंडं पाहिली आहेत, कॅमेऱ्यातून आणि खिडकीतून, पण असं तोंड पाहिलं नाही. ते गुडघ्यांवरच सरकत पाटापर्यंत आले, तिच्या पायाला हात लावला, हातानं दाबून पाहिलं, आणि मग जे रडायला लागले! माझा कॅमेरा घरी राहिला होता. असता तरी मला काही दिसलं नसतं, माझेच डोळे वाहत होते. ज्ञानेश्वरभाऊ तर उघड हुंदके देत होते.

"उठ," वच्छलाबाई म्हणाल्या. "लहान हाय काय तू आता? काय आणलं काखेत?"

ते एकदम दचकले आणि पुडकं मागं लपवायला लागले. पण सगळ्यांना समजलं होतं. बाई गेली की माहेरचं लुगडं यावं लागतं. तिचा भाऊ ते घेऊन येतो, मगच तिला उचलतात. तेच ते होतं.

"दाखव," त्या म्हणाल्या.

"नोको. हे पाहू नोको."

"माह्यासाठी आणलं ना? मंग मी नाही तं कोण पाहीन?"

वच्छलाबाईंनी पुडकं त्यांच्या हातातून ओढलंच. कागद फाटला. आत हिरवंगार नऊवारी होतं, जरीच्या काठाचं.

बायकांत कुजबुज झाली. जानेफळच्या नणंदबाई मोठ्यानं म्हणाल्या, "अवं माय, हिरवं? विधवेले हिरवं असते काय?"

उकंडरावांनी डोळे पुसले. "दुकानदारानंही हेच विचारलं मले. बाई सवाशीन होती का विधवा, तसा रंग काढतो म्हणे." ते बहिणीकडे पाहून म्हणाले, "मी म्हणलं, बहीण होती माही. चांगलं हिरवं काढ."

वच्छलाबाई त्या लुगड्यावरून हात फिरवत राहिल्या, पुन्हा पुन्हा. "त्या दिशी एवढं बोलला असता तं," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही बोललो. भेलो मी लोकाईले. रोज आठवते. तुह्या दारात कोणत्या तोंडानं येऊ, म्हणून नाही आलो." मग ते घाईघाईनं म्हणाले, "हे दे मले. मातीसाठी आणलेलं हाय, घरात ठेवू नोको. मी दुसरं आणतो."

नणंदबाईही म्हणाल्या, "हाव, देऊन टाका कोणाले. जित्त्या माणसानं नेसू नये ते."

"काऊन नेसू नये?" वच्छलाबाई ताडकन उठल्या. "मेल्यावर नेसवलं असतं तं मले दिसलं असतं काय? पुष्पांजली, ये इकडे. निऱ्या घालाले मदत कर."

त्या आत गेल्या. आम्ही सगळे दाराकडे पाहत बसलो. आतून बांगड्यांचा आवाज येत होता, तो सुनेचा, मधूनच म्हातारीचं खेकसणं, "ओढ नीट." उकंडराव ओट्याच्या पायरीवर हात जोडून बसले होते, देवळात बसतात तसे.

त्या बाहेर आल्या. हिरव्या लुगड्यात त्या इतक्या वेगळ्या दिसत होत्या की रंगराव म्हणाला, "माय!"

वच्छलाबाई भावाच्या शेजारी पायरीवर बसल्या. "हे पाह्य उकंड्या," त्या म्हणाल्या, "लुगडं पोचलं मले. आता मी खरोखर मरीन ना, तवा रिकाम्या हातानं येजो. लोकाईनं काही म्हणलं तं सांगजो, बहिणीनं आधीच नेसून घेतलं." त्यांनी पदर सावरला. "पण त्याच्या आधी येत जाय."

"येतो," उकंडराव म्हणाले. "उद्याच येतो."

"उद्या येशील म्हणजे? आज कुठी चालला तू?" म्हातारी त्यांच्यावर डाफरली. मग तिनं नणंदबाईंनी आणलेल्या भाकरी मागवल्या, फडकं स्वतः सोडलं, आणि पहिली भाकर भावाच्या हातावर ठेवली.